पाचवा डबा

चंपतराव सातलाच आले. रंभाबाईने "सकाळी या" असा निरोप धाडला होता, आणि तिची सकाळ होती नऊची, फुलं उघडण्याची. पण चंपतराव पडले नर्सरीवाले. त्यांची सकाळ चारला सुरू होते आणि सातला अर्धा दिवस सरलेला असतो. चूक तशी कोणाचीच नव्हती, पण पंचाईत व्हायची ती झालीच.

इंदोरा वस्तीतल्या रंभाबाईच्या एवढ्याशा अंगणात मावळतीच्या भिंतीवर डालड्याचे डबे टांगले होते. तारेला एकाखाली एक पाच डबे, ही एक लड. अशा बारा लडी. वरच्या डब्यात पाणी ओतायचं, ते भोकांतून झिरपत पाचव्यापर्यंत जायचं. साऱ्या डब्यांत ऑफिस टाइमची रोपं. अंगावर ऊन पडल्याशिवाय हे फूल डोळा उघडत नाही, आणि भिंत अजून समोरच्या घराच्या सावलीत होती.

चंपतराव वाकून खालच्या डब्याकडे बघत राहिले.

"बाई, हे मी पण करून पाहिलं. वरचे चार फुलते. खालच्यात पाणी साचते, मुळं सडते, कळी न उघडताच गळते. धंतोलीतले डॉक्टर लोक व्हरांड्यात टांगायले मागून राहिले, मले चाळीस लडी पाहिजे. पण पाचवा डबा फुललेला पाहिल्याशिवाय मी नाही घेत."

"फुलते जी. नऊ वाजेपर्यंत थांबा नं."

"सव्वानऊची नरखेडची एसटी आहे माझी, नऊले इथून निघून ती सापडत नाही. संत्र्याच्या कलमा आणायच्या आहे. परत आलो की पाहू."

'परत आलो की पाहू' म्हणजे काय, हे कळायला शाळेत जावं लागत नाही. चंपतरावांनी लडी घेतल्या तर विड्या वळणं कायमचं सोडायचं, नाहीतर सोमवारपासून पुन्हा विड्यांचं सूप मांडीवर घ्यायचं, असं रंभाबाईचं आणि तिच्या सासूचं ठरलं होतं. तंबाखूच्या धुळीने रंभाबाईला लागलेला खोकला आता दिवसाही थांबत नव्हता.

सासू, भीमाबाई, ओट्यावर बसून विड्याच वळत होती. भिंतीला डबे बांधून कुठे पोट भरतं काय, असं ती वर्षभर सुनेला ऐकवत आली होती. आता चंपतरावांनी सायकल वळवली तशी ती बोलली.

"चहा घेऊन जा, चंपतराव."

"नको माय, उशीर होऊन राहिला."

म्हातारीने वर पाहिलं नाही. "आमच्या घरचा चालत नसन तर तसं सांगा. आम्ही काही वाईट मानत नाही."

चंपतरावांचा पाय पायडलवर होता, तो तिथेच राहिला. उघड्या दारातून बाबासाहेबांची तसबीर दिसत होती. माणूस वाईट नव्हता. पण या बोलण्याला एसटीचं उत्तर पुरायचं नाही, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी सायकल स्टँडवर लावली.

"काहून नाही चालत? आणा."

भीमाबाई स्वतः उठली. घरात स्टो असताना तिने सिगडी काढली. कोळसे दमट निघाले. मग आलं सापडेना. आलं सापडलं तर ते ठेचायला बत्ता सापडेना. घरातल्या या गोंधळाची रंभाबाईला आधी लाज वाटली. मग तिला उमगलं, आणि बत्ता तिच्या पायाशीच पडला होता तरी ती गप्प राहिली.

तोवर ऊन भिंतीवरून खाली उतरू लागलं होतं. वरची रांग उघडली, गुलाबी आणि पिवळी. मग दुसरी. चंपतरावांनी दोनदा घड्याळ पाहिलं, मग बघणं सोडलं. चौथी रांग उघडली तेव्हा कुठे चहा आला.

पाचवा डबा रोज फुलत होता. पण रोज फुलणारं फूल पाहुण्यासमोरही फुलेल, याची हमी कोण देणार? रंभाबाईला तिकडे बघवेना. ती चंपतरावांच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, बशी ओठांपर्यंत नेली आणि ती तशीच धरून ठेवली.

तिने मान वळवली. खालच्या बाराही डब्यांत लाल फुलं उघडली होती.

चंपतराव बशी घेऊनच खाली बसले. एका डब्याच्या बुडाला बोट लावून म्हणाले, "काय केलं इथं?"

"खालच्याले भोकं जास्त पाडले. अन् तळाशी विटांचे तुकडे."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी शेजारच्या डब्याचं बूडही चाचपून पाहिलं. मग म्हणाले, "चाळीस नको, साठ कर. महिन्याभरात." चहा संपवून त्यांनी कप पुढे केला. "एसटी तर गेलीच. आता दुपारची पाहू. अजून आहे काय, माय?"

"आहे नं," भीमाबाई म्हणाली. "आता स्टोवर ठेवते. लवकर होते."

चंपतरावांनी सिगडीकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं, आणि पोट धरून हसले.

ते गेल्यावर रंभाबाई पायरीवर बसून राहिली. इतकं मोकळं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. हसू येत होतं, मधूनच खोकलाही. भीमाबाईने सूप भिंतीला टेकवून ठेवलं. जवळच्या डालड्याच्या डब्यातली तंबाखू विडीच्या ठेकेदाराला परत द्यायची म्हणून फडक्यात बांधली. मग रिकामा डबा पालथा करून नीट झटकला आणि खिळा-हातोडीसकट सुनेपुढे ठेवला.

"याले सगळ्यात खाली लटकव," ती म्हणाली. "भोकं जास्त पाड."