श्वासाची जागा

किर्तीने पाटाएवढ्या त्या बॉक्सच्या पडद्यावर क्लॅरिनेट निवडलं, चार पॅड दाबले, आणि आतल्या खोलीतला टीव्ही बंद झाला.

दुपारचे तीन वाजले होते. मावसबहिणीची हळद उद्यावर आली होती आणि गाणी वाजवायचं काम किर्तीने अंगावर घेतलं होतं. लॅपटॉप नको, वादक नकोत. ढोलकी, बास, व्हायोलिनं, सगळी वाद्यं सॉफ्टवेअर होऊन या एका बॉक्सच्या पोटात बसलेली. हवं ते निवडायचं आणि सोळा रबरी पॅडवर बोटांनी वाजवायचं. बाकीचं सगळं तिने बसवलं होतं. क्लॅरिनेट मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

तिचे वडील, धर्मा, टीव्ही बंद करून दारात येऊन उभे राहिले. वरळी कोळीवाड्यातल्या लग्नांत पस्तीस वर्षं त्यांनी क्लॅरिनेट वाजवलं होतं. दीड वर्षापूर्वी एका सकाळी तोंडाची डावी बाजू लुळी पडली आणि ओठांतून वारा सुटायला लागला. चहासुद्धा त्या कोपऱ्यातून गळायचा. वाद्य पेटीत गेलं ते गेलंच.

"कोन वाजवतंय?"

"मीच. सॉरी पप्पा, आवाज कमी करते."

"कमी कशाला? वाजव."

तिने पुन्हा सुरुवातीपासून लावलं. हळदीला त्यांच्या बँडची ठरलेली चाल होती ती. किर्ती ती ऐकतच मोठी झाली होती. आवाजही अस्सल होता, कुणा परदेशी वादकाचा एकेक सूर टिपून घेतलेला. धर्मा भिंतीला टेकून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"सूर बरोबर हाय," ते म्हणाले. "पन याला दम लागत नाय का?"

"सॉफ्टवेअर आहे ते, पप्पा. त्याला कशाला दम लागेल?"

"मंग ऐकनाऱ्याला लागतो."

किर्तीला राग आला. चार दिवस ती या गाण्यांवर खपत होती. पण पडद्याकडे पाहिलं तर सुरांच्या पट्ट्या एकीला एक चिकटून गेल्या होत्या, पहिलीपासून शेवटचीपर्यंत. बोट शिरेल एवढी फट कुठे नव्हती.

"कुठे तोडू? सांगा."

"सांगून कसं कळंल? वाजवताना कळतं ते."

  मग तिने बॉक्स उचलला आणि त्यांच्यापुढे स्टुलावर ठेवला. पॅडवर फक्त त्या चालीतले सूर राहतील असं केलं. दाबाप्रमाणे आवाज कमीजास्त व्हावा तेही लावून दिलं.

"हलकं दाबलं की बारीक वाजेल. जोराने दाबून धरलं की सूर फुगेल. फुंक बोटात आहे असं समजा."

धर्मांनी हात लुंगीला पुसले. "हसशील."

"नाही हसणार."

पहिल्याच दाबाला सूर किंचाळला. त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मग एका बोटाने एकेक पॅड चाचपून पाहिला, कोण कुठे राहतो ते बघावं तसा. दहा-बारा मिनिटं नुसतं तेच चाललं होतं. किर्तीने ताल सुरू केला आणि रेकॉर्डचं बटण दाबलं.

धर्मा वाजवू लागले. बोटं अडखळत होती, पण सूर हळूच उठत होता, भरत होता, ओसरत होता. किर्तीने मान वर केली. वडिलांचा उजवा गाल फुगला होता. डाव्या कोपऱ्यातून वारा फुस्स करून बाहेर पडत होता. फुंकायची काही गरज नव्हती, तरी ते फुंकत होते. दीड वर्षात तिने त्यांच्या तोंडाकडे असं सरळ पाहिलं नव्हतं. घरात कुणीच पाहत नसे.

त्यांचा चेहरा लाल होत गेला. मानेच्या शिरा वर आल्या.

"पप्पा, श्वास घ्या!"

त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. आणखी चार सूर गेले. मग त्यांनी बोट उचललं आणि छाती भरून श्वास घेतला.

किर्ती गोंधळली. ओळ अर्धीच राहिली होती. वाजवायला शिकलेला कुणीही माणूस इथे थांबला नसता.

"इथे? मध्येच?"

उत्तर स्वयंपाकघरातून आलं. आई, राधाबाई, परातीपुढे बसून कोळंबी सोलत होती. तिने मान वरही केली नाही. त्या रिकाम्या जागेत तिने, हळदीला बायका उचलतात तसा, ओळीचा उरलेला तुकडा उचलला, "ये गो बाय, ये गो..." नाकातल्या, जरा फाटक्या आवाजात. गातोय हे तिचं तिलाही कळलं नसावं. तेवढ्यावर ती थांबली नाही, पुढच्या कडव्यात शिरली.

बॉक्सची टिकटिक पुढे निघून गेली होती. किर्तीने ती बंद केली.

धर्मांचं बोट पुढच्या पॅडवर येऊन टेकलं होतं. ते दाबत नव्हते. बायकोचं कडवं संपायची वाट बघत होते.