भाऊ आला वाटतं

आमच्याकडचा गॅस संपला की आमच्या शेगडीच्या आधी शेजारच्या काकूंना कळायचं. तेवढं मी हसण्यावारी नेलं. पण ह्यांचा राजीनामा अजून खिशातच असताना त्याची बातमी साहेबांच्या कानावर गेली, तेव्हा मात्र मी गळ टाकायचं ठरवलं.

स्वयंपाकघराचं दार लावून, नळ सोडून मी ह्यांच्या कानात म्हटलं, "रविवारी माझा भाऊ राहायला येतोय."

"तू तर एकुलती एक! हा भाऊ कुठून पैदा केलास?" हे हसले.

"काकूंसाठी."

कुणी खोदून विचारलंच, तर तो लंगडतो म्हणून सांगायचं, असंही मी ठरवलं होतं. पण ते मनातच ठेवलं. ह्यांनाही बोलले नाही.

रविवारी दुपारी मी फाटकापाशी कचऱ्याचा डबा ठेवत होते, तर काकू कुंपणावरून वाकल्याच. "काय गं, भाऊ आला वाटतं?"

मासा गळाला लागला! मी हसू दाबलं. "तुम्हाला कुणी सांगितलं हो?"

"सांगायला कशाला हवं? आत्ताच तर तुझ्या मागून आत गेला. पण पाय फार ओढतो गं बिचारा."

डब्याचं झाकण माझ्या हातातून निसटलं. काकूंच्या चेहऱ्यावर मी चेष्टा शोधली. सापडली नाही.

तेवढ्यात घरातून ह्यांचा आवाज आला. जिन्याखाली उभं राहून हे वर ओरडत होते, "अगं, पाय का ओढतेयस? लागलं का कुठे?"