खरी माणसं

ओसाड डाउनटाउनमध्ये वर्दळ दिसावी म्हणून पालिकेनं रस्त्यावर प्रकाशाची माणसं सोडली होती. जुन्या कॅमेऱ्यांतून उचललेली, पूर्वी इथून खरोखर चालत गेलेली माणसं. त्यांतच रोज दुपारी हेमलताबाईंचे वारलेले यजमान जायचे, बगलेत छत्री, एका बुटाची नाडी सुटलेली. ते दिसावेत म्हणूनच बाईंनी ओहायोतल्या या रस्त्यावर बटाटेवड्यांचं दुकान थाटलं होतं.

"आई, रांग पार बँकेपर्यंत गेलीय!" मुग्धा आत येत म्हणाली. "तुझ्या वड्यांनी रस्ता जिवंत केला म्हणतात. खरी माणसं वाढतील तशा आकृत्या बंद करताहेत. समोरच्या फुटपाथवरच्या आजच गेल्या."

"आणि आपल्या फुटपाथवरच्या?"

मुग्धाचा चेहरा उतरला. "अशीच गर्दी राहिली तर याच आठवड्यात. आई, ते बाबा नाहीत गं."

"माहीत आहे मला."

तेवढ्यात काचेबाहेर ते आले. रांगेतल्या माणसांमधून आरपार चालत गेले.

"अहो, नाडी बांधा," बाई रोजच्यासारख्या पुटपुटल्या.

ते कोपऱ्यावर दिसेनासे झाले. मग बाईंनी वड्याच्या भाजीत मूठभर मीठ टाकलं, आणि जरा थांबून आणखी एक मूठ.