कुत्र्याचं पथ्य

दुर्ग शहरातल्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी भोंगूला टेबलावर उताणा केला आणि त्याचं पोट दाबून पाहिलं. जानरावांनी श्वास धरून ठेवला. कुत्रा बरा झाला, एवढं एक वाक्य डॉक्टरांच्या तोंडून निघू नये, म्हणून त्यांनी गावाकडच्या बावनथडी नदीकाठच्या सगळ्या देवांना मनातल्या मनात नवस बोलून टाकले.

"हं," विद्याधर डॉक्टर म्हणाले.

"कमजोरच हाय ना अजून?" जानरावांनी विचारलं.

भोंगू मजेत शेपटी हलवत होता.

तीन महिन्यांपूर्वी मात्र तो खरोखरच मरायला टेकला होता. पोलाद कारखान्याच्या भिंतीशी पडलेल्या सिमेंटच्या पाइपात जानरावांना सापडला. इतका लहान, की त्यांच्या मुलाच्या, हिरालालच्या, कामावर डोक्यात घालायच्या टोपात झोपला तरी दोन बोटं जागा उरे. पोट असं नाजूक, की शेजारच्या राधाबाईंनी मिरची कुटायला घेतली की ह्याला इकडे जुलाब. ते पोट गुरगुरलं की पाळीवरून येऊन झोपलेला हिरालाल कारखान्याचा भोंगा समजून उठे आणि डबा शोधू लागे. म्हणून नाव भोंगू. खोटं वाटत असेल त्यानं कारखान्याजवळच्या खुर्सीपार वस्तीत कोणालाही विचारावं. तिथली माणसं याहून जास्तच सांगतील.

तेव्हा डॉक्टरांनी पथ्य सांगितलं. मऊ भात, वर मुगाचं पाणी. तिखट नाही, तेल नाही. दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. हिरालालच्या बायकोनं, मथुरानं, पितळी वाटीत कालवून दिलं. जानराव वाटी घेऊन घरामागे गेले. भात फार गरम तर नाही ना, म्हणून एक घास स्वतःच्या तोंडात टाकला.

आणि पोटात गार सावली पडली.

दोन वर्षं त्या पोटात भट्टी पेटलेली होती. पण सांगणार कोणाला? तरुणपणी पैजेवर पायलीभर मिरच्यांचा ठेचा खाऊन वर झोप काढणारा हा माणूस; निदान ते स्वतः तसं सांगत. त्यानं सुनेकडे मऊ भात मागायचा, म्हणजे आपण म्हातारे झालो असा दाखला स्वतःच्या हातानं लिहून द्यायचा. त्यात हिरालाल एकदा सहज म्हणाला होता, "पोट दुखत असन तं सांगजा, बाबा. मोठ्या दवाखान्यात कापून देतेत." तेव्हापासून जानराव ताटातला ठेचा हसत गिळत आणि सगळी दुपार उकिडवे बसून काढत.

आता मात्र दिवसातून चार वेळा घरामागे स्वर्ग उतरू लागला. ऊन चिमण्यांच्या धुरातून गाळून येई, गुलाबी आणि मऊ. दूर कुठेतरी लोखंडावर घण पडत, पण इथं पोचेपर्यंत त्या आवाजाचा कापूस होई. एक घास भोंगूला, एक घास जानरावांना. पुढेपुढे एक भोंगूला, दोन जानरावांना. कुत्रा होता तेवढाच राहिला, वाटी मात्र वाढत गेली. वाटीचा कटोरा झाला, कटोऱ्याचा पातेल्याएवढा गंज.

"भूक वाढली त्याची," जानराव म्हणत.

"वाढू द्या, मामाजी," मथुरा म्हणे.

ताटात ठेचा आला की ते हातानंच थांबवत. "मले नको, सूनबाई. ह्या मुक्या जिवाचं दुखनं पाहून तिखटावर वासना नाही राहिली."

आणि भोंगू? तो निर्लज्जपणे बरा होत गेला. त्याच्या अंगावर तकाकी आली. राधाबाईंची बकरी त्यानं पलीकडच्या कॅम्प-१ वस्तीपर्यंत पळवत नेली. परवा तर तो बाजारातून सुकटीचं आख्खं पुडकं घेऊन आला आणि कागदासकट पचवून बसला. म्हणून आज जानरावांचा श्वास अडकला होता. कुत्रा सुटला पथ्यातून, की मागोमाग आपल्या ताटात ठेचा.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. भोंगूच्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं.

"प्रकरण अवघड आहे," ते म्हणाले. "आणखी तीन महिने पथ्य. मऊ भात, चार वेळा. एकदाही चुकवायचं नाही."

दुर्गहून खुर्सीपारापर्यंत जानराव चालत आले नाहीत, तरंगत आले. त्या वाटेवर त्यांचे पाय जमिनीला टेकलेले पाहिले असं सांगणारा माणूस अजून कोणाला भेटलेला नाही.

दुपारी मथुरानं गंज भरून दिला. जानराव तो घेऊन घरामागे गेले. थोड्या वेळानं तिकडून आवाज येऊ लागला.

"खा रे राजा. अजून एक घास. सूनबाईनं तुझ्यासाठी किती मेहनतीनं केलं."

पुढच्या दारात मथुरा सुपात तांदूळ निवडत बसली होती. शेजारी राधाबाई पाय पसरून टेकल्या होत्या. हवेत लाल धूळ अगदी सावकाश उतरत होती, जणू तिला कुठं पोचायची घाई नव्हती.

राधाबाईंनी घरामागचा आवाज ऐकला. मग खाली पाहिलं. परत कान दिला. परत खाली पाहिलं. भोंगू मथुराच्या पावलावर हनुवटी टेकून घोरत होता.

"मथुरा वो," त्या म्हणाल्या, "तुहे मामाजी तिकडं कोनाले भरवून राहिले?"

"भोंगूले."

"भोंगू तं हा इथं पडला हाय."

मथुरानं तांदळातला एक खडा वेचून अंगणात टाकला.

"हळू बोला, मावशी. परवा दुर्गले जाऊन डॉक्टरच्या पाया पडली, तवा कुठं तीन महिने वाढवून भेटले."