हेडचा स्क्रू

आमच्या घरी दोन कॅसेटी होत्या. क्रोमची भारी कॅसेट वडलांनी एका पुढाऱ्याच्या भाषणासाठी वापरली. साध्या फितीची आईच्या वाट्याला आली. भाषण आजही खणखणीत आहे, ऐकायला कुणी नाही. आईच्या भीमाच्या ओव्या मात्र खरखरीत बुडाल्या. आई गेली, आणि या फितीशिवाय तिचा आवाज कुठंच नाही.

म्हणून धाराशिवला राजपालच्या दुकानात गेलो. टेप दुरुस्त करणारा आता तेवढाच उरलाय.

"सर, फीत हलकी हायच, पण आवाज भरताना तुमच्या टेपचं हेड तिरकं होतं," तो म्हणाला. "आपण बी इथलं हेड तेवढंच तिरकं करू."

त्यानं फीत वाचणाऱ्या हेडचा बारका स्क्रू किंचित फिरवला. खरखर मागं सरली. आईचा गळा आला, मग जात्याची घरघर, मग आमच्या जळकोटच्या अंगणातली कोंबडी. मी उगाच चष्मा पुसला.

"अजून फिरवू का?"

"फिरवा."

जात्यामागं आता एक पंखा कुरकुरत होता. तेव्हा आमच्या घरात वीजच नव्हती. टेप सेलवर चालायचा. मी वर पाहिलं. दुकानातला पंखा तसाच कुरकुरत होता.

मग त्या जुन्या फितीतून राजपालचा आवाज आला, "अजून फिरवू का?" पाठोपाठ माझा, "फिरवा."

राजपालचा हात बंदच्या बटणाकडं गेला.

फितीवरची ओवी मधेच थांबली.

"राहू दे की रे बाबा," आई म्हणाली. "आत्ता कुठं तुमचा आवाज साफ यायलाय."