जादा दिवे
पोस्टमन असलेला दादा वर्षभरात तिसऱ्यांदा माझ्या गॅरेजात आला. "संध्याकाळी रस्त्याच्या कडाच दिसत नाहीत रे. तू दुरुस्त केलेला हेडलाइट कुचकामी." आधी मी बल्ब बदलला होता, मग बॅटरी. आता त्यानं दोन जादा दिवेच आणले. मी ते लेगगार्डच्या दोन्ही टोकांना बसवले, वायर जोडली, बटण दाबलं. दादा मोटरसायकलसमोर जवळच उकिडवा बसून नाकासमोर बघत म्हणाला, "लाव की आता." दिवे लख्ख लागलेले होते. मी म्हणालो, "डावीकडे बघ." त्यानं मान वळवली. "हां, हा लागला. दुसरा?" मग उजवीकडे. "हा लागला, पण पहिला विझला." "दोन्ही चालू आहेत, दादा." त्यानं सावकाश मान फिरवून एकेक दिवा शोधला. मग मोटरसायकलची किल्ली माझ्या हातात ठेवली. "रिटायर व्हायला अजून अकरा वर्षं आहेत रे."