आगवाल्याची खाट

जहाजाच्या तोंडाशीच पितळी पाटी होती, युद्धातून न परतलेल्यांच्या नावांची. लोक तिच्यापुढे थांबत, टोप्या काढत. म्हातारी मात्र तरातरा पुढे गेली. तिचं माणूस परत आलं होतं. पाटीशी तिचं काय काम?

"आई, जरा हळू," मागून लेक म्हणाली. "बाबांचं जहाज बघायला आलोय, शर्यत नाही लावलेली."

"मी कुठे हट्ट धरला होता? तूच आणलंस."

लढाईत गाजलेलं ते जहाज आता स्मारक म्हणून बंदरात कायमचं बांधून ठेवलं होतं. लेकीचे बाबा त्यावर आगवाले होते, भट्टीत कोळसा टाकायचे. लढाई संपल्यावर त्यांनी समुद्राचं नाव टाकलं, लग्न केलं, आणि गेल्या वर्षी घरच्या पलंगावर डोळे मिटले.

त्या पलंगाचंच म्हातारीला शल्य होतं. तिने हौसेने चांगला ऐसपैस करून घेतला होता. नवरा मात्र अगदी कडेला झोपायचा, तिच्याकडे पाठ करून, गुडघे पोटाशी घेऊन, एका हाताने पलंगाची कड घट्ट धरून. तिने तो हात सोडवून पांघरुणात घ्यायला जावं, तर दचकून उठायचा आणि पुन्हा कड धरायचा. दिवसा माणूस लाखात एक, रात्री अगदी परका. आपण याला मनातून नकोच होतो, अशी तिने खूणगाठ बांधून टाकली. विचारायचा मात्र कधी धीर झाला नाही.

लोखंडी शिडी उतरून दोघी आगवाल्यांच्या खोलीत आल्या. भिंतीला एकावर एक तीन फळ्या, प्रत्येकीवर हातभर रुंदीची गादी. प्रत्येक फळीच्या कडेला एक आखूड साखळी लोंबत होती.

"ही कशाला हो?" लेकीने पहारेकऱ्याला विचारलं.

"झोपताना धरायला. जहाज कललं की माणूस खालीच. म्हणून तोंड नेहमी साखळीकडे, गुडघे पोटाशी. दोन-चारदा आपटला, की मग झोपेतसुद्धा हात सुटायचा नाही."

म्हातारीने चपला काढल्या, आडवी बांधलेली दोरी उचलली आणि लेक "अगं आई!" म्हणेपर्यंत खालच्या फळीवर जाऊन कुशीवर आडवी झाली. पाय पसरायला जागा नव्हती. तिने गुडघे जवळ घेतले आणि साखळी धरली. रोजच्या धरण्याने ती झिजून गुळगुळीत झाली होती.

"आजी, उठा बघू. इथे झोपायचं नसतं."

"आई, लोक बघताहेत."

"बघू देत. मी इतकी वर्षं बघत होते, मला तरी कुठे कळलं?" तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला तिने हात मोकळा केला नाही.

पहारेकरी नरमला. तिच्याजवळ वाकून म्हणाला, "आजी, साखळी तरी सोडा. जहाज धक्क्याला पक्कं बांधलंय. आता नाही हलायचं."

"एवढंच," म्हातारी म्हणाली, "एवढंच मी त्यांना सांगायला हवं होतं रे."